ताटावरचं ‘सौ.’

या पेजवरचे गूढ अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून नुसते वाचत आलेय. खरं सांगू? निम्म्या वेळा हसायचेच. मी जालन्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचा... जे दिसतं ते खरं, बाकी सगळे मनाचे खेळ, असा माझा साधा हिशोब होता. माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. देवीचं गाव. आजूबाजूला अंगात येणं, गंडेदोरे सगळं पाहत वाढले, पण मी कधी दाराला लिंबू-मिरचीसुद्धा लावली नाही.

म्हणून जसं झालं तसंच लिहिते. यात भूत नाही, सावली नाही, पैंजणांचा आवाज नाही. भांडी धुवायचं एक जुनं मशीन आहे आणि एक अक्षर आहे. बाकीच्यांची नावं बदललीत. माझं तेवढं खरं ठेवलंय.

संतोष — माझा तेव्हाचा नवरा — याचं फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान. बंद पडलेली वस्तू समोर असली की या माणसाला भूक लागायची नाही. जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांना परदेशातून भंगार येतं, हे इथल्यांना नवीन नाही. कंटेनरच्या कंटेनर येतात आणि भट्टीत जातात. संतोषची तिथल्या एका भंगारवाल्याशी ओळख होती. काही वेगळं दिसलं की तो बाजूला काढून ठेवायचा.

एका दुपारी संतोष टेम्पोतून एक बुटकं, गोल, पांढरं पिंप घेऊन आला. मी लॅबमधून जेवायला घरी आलेली.

“ओळख, काय हाय?”

“वॉशिंग मशीन.”

“कपड्याचं न्हाई, भांड्याचं! डिशवॉशर. माझ्या बापाच्या जन्माच्या आधीचं असंल. भट्टीत चाल्लं होतं, वढून आणलं.”

वरून उघडायचं झाकण. आत पांढरं इनॅमल, जागोजागी टवके उडालेलं. तळाशी एक छोटा पितळी पंखा आणि त्याच्या भोवती पाणी तापवायची कांडी. कंपनीचं नाव होतं त्या जागेवर नुसते दोन स्क्रू.

आमच्याकडे माझ्या सासूबाईही राहायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी ओढ्याच्या वाळूनं भांडी घासलेली बाई. मला वाटलं नाक मुरडतील. पण त्या मशीनभोवती फिरल्या, झाकणावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “वैशे, असलं मेंढरं भादरायला असतं तर माझ्या बापाची पाठ वाचली असती.” दोघी खूप हसलो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून तुम्ही त्यांना टीव्हीतली सासू समजाल. तशा त्या नव्हत्या. मला ताप आला की उशाशी बसून राहायच्या.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन गेलं आणि आमचे रविवार तिथेच जायला लागले. मोटर तिकडच्या कमी व्होल्टेजची, आपल्या लाइनवर क्षणात जळाली असती. संतोषनं ती नव्यानं गुंडाळली. झाकणाचं रबर सडलं होतं, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाल्याकडून पट्टी आणून त्यानं ती तशीच कापून बसवली. पंख्यावरचा क्षार मी काढला, लॅबमधून शिकलेल्या पद्धतीनं, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून. परदेशात अशी जुनी मशीनं जमवणाऱ्या हौशी लोकांचे ग्रुप आहेत. संतोषचं इंग्रजी कच्चं, म्हणून तो सांगायचा आणि मी टाइप करायची. तिकडचा एक म्हातारा मोठ्या हौसेनं उत्तरं द्यायचा. त्याच्याकडून कळलं की या मशीनमध्ये पाणी वरून पडत नाही. तळाचा पंखा पाणी उचलून चारी बाजूंनी फेकतो, म्हणून ताटांची तोंडं मधोमध वळवून ठेवायची.

“म्हंजी हे घासत न्हाई,” संतोष म्हणाला, “झोडपतं!”

आमचं लग्न चांगलं चाललं होतं. मूल नव्हतं. तपासण्या दोघांच्याही नॉर्मल होत्या, आणि त्यावरून घरात कुणी कुणाला टोचत नव्हतं. त्या शेडमध्ये मी बॅटरी धरून बसायची आणि तो पान्यानं नट आवळताना गाणं गुणगुणायचा... एवढं सुख मला पुरत होतं.

मशीन पहिल्यांदा चालवलं तो रविवार होता. सकाळची भांडी तशीच ठेवलेली. संतोषनं तर मुद्दाम एका ताटाला तेल-हळद फासून उन्हात वाळवलं, परीक्षा घ्यायला. ते ताट माझ्या मामानं लग्नात दिलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकून देतात, तसं ठिपक्या-ठिपक्यांनी टाकलेलं — ‘सौ. वैशाली संतोष हिस मामाकडून’. संतोषनं मोबाईल टेकवून व्हिडिओ लावला. पाणी भरलं, धुण्याचा सोडा टाकला, झाकण लावून बटण फिरवलं. आत असा धबधबा सुरू झाला की आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या.

थांबल्यावर झाकण उघडलं. वाफ निघाली. हळदीचा डाग पार गेलेला! संतोषनं ताट उचलून डोक्यावर धरलं, ट्रॉफी धरतात तसं. मग माझ्या हातात दिलं. मी ते पुसायला घेतलं आणि काठावर माझा अंगठा थांबला.

‘वैशाली संतोष हिस मामाकडून’.

पुढचं ‘सौ.’ नव्हतं.

झिजलं होतं असं नाही. झिजलेलं अक्षर तिरक्या उजेडात तरी दिसतं. इथे स्टील सपाट होतं, कुणी कधी टोचलंच नसल्यासारखं. आणि लगेच पुढे ‘वै’चे ठिपके बोटाला टोचत होते, पहिल्यासारखे.

“पाण्याचा मार एकाच जागी बसला असंल,” संतोष म्हणाला. त्याला तर मजाच वाटली. मलाही तेच वाटलं. आत्याबाईंनी ताट हातात घेतलं. त्यांना फार वाचता येत नाही, पण ‘सौ.’ येतं. ते कुठल्याही बाईला येतं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि घरात गेल्या.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण संतोषला यंत्राचं कारण कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं माझा एक डबा टाकला, ‘सौ. वैशाली’ लिहिलेला. वेगळ्या जागी, आडवा ठेवला. ‘सौ.’ गेलं. मग त्यानं आत्याबाईंचं जुनं पातेलं टाकलं. त्यावर त्यांच्या लग्नातलं ‘सौ.’ अजून होतं. सासरे जाऊन किती वर्षं झाली, तरी होतं. ते तसंच्या तसं बाहेर आलं. त्याची बहीण सुनीता राजूरला असते, तिचा एक डबा आमच्याकडे राहिला होता. त्यावरचंही ‘सौ.’ शाबूत. शेजारच्या काकूंची वाटी टाकली, तिला काही झालं नाही.

मग त्यानं माझ्या एका पेल्यावरचं ‘सौ.’ एम-सील लावून पक्कं झाकलं. धुऊन झाल्यावर एम-सील जसंच्या तसं होतं. त्यानं ते पकडीनं उचकटलं. खाली कोरं स्टील.

पकड त्याच्या हातातून पडली. मला हसू आलं, घाबरल्यावर येतं तसं. तो हसला नाही.

शेवटी त्यानं बाजारातून नवीन ताटली आणली, भांड्यांच्या दुकानातच ‘सौ. वैशाली’ टाकून घेतलं आणि तशीच मशीनमध्ये ठेवली. बाहेर आली तेव्हा ती नुसत्या वैशालीची होती.

आत्याबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलल्या ते माझ्याशी नाही.

“संत्या, तू मशीनीत काय शोधून राह्यला? ‘सौ.’ जातं म्हंजी काय जातं, एवढं कळंना का तुला? तिचं नाव तर तसंच हाय. जाणार ते तुझं जाणार.”

“आई, काही बोलू नको.”

“मंग पुन्हा टाक अन् बघ. किती बार बघतो?”

मशीनवर ताडपत्री पडली. पण त्या दिवसापासून संतोषचं गाणं बंद झालं.

आधी त्यानं मोटरसायकल चालवणं सोडलं. मग विजेची कामं सोडली — फ्रिज दुरुस्त करणारा माणूस प्लगला हात लावायला भिऊ लागला. छातीत दुखतं म्हणून ईसीजीची पट्टी काढून आला, नीट निघाली. मी म्हटलं, “बघा, काही नाही.” तर माझ्यावरच ओरडला, “धडधाकट माणसं मरत न्हाईत का? ट्रक पट्टी काढून येतो का?” रात्री मी कूस बदलली की तो दचकून माझ्याकडे बघायचा. माझ्यापासून काहीतरी त्याच्याकडे येणार आहे, असं.

आत्याबाईंनी त्याचं ताट स्वतः वाढायला सुरुवात केली. मी केलेली भाजी तो खायचा, पण माझ्या हातून वाढलेली नाही. मग त्या माझ्या कपाळाकडे बघायला लागल्या. मी टिकली लावून बाहेर आले की एकटक बघायच्या आणि मान फिरवायच्या. एकदा माझी ओली बांगडी ओट्यावर राहिली, तर त्यांनी ती चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली. चिमट्यानं. ह्याच बाईनं माझ्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या.

गोष्ट बाहेर कशी गेली माहीत नाही. सुनीताचं डोहाळजेवण राजूरला होतं. तिच्या लग्नाचा बस्ता मीच उभी राहून बांधला होता, तिचं माझ्यावाचून पान हलायचं नाही. मी साडी, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन गेले. ओटी भरायला बायका एकेक पुढे जात होत्या. माझी पाळी आली तर सुनीताच्या सासूनं माझ्या हातातला नारळ अलगद काढून घेतला.

सुनीता खाली बघत म्हणाली, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका... तुम्ही जरा जेवणाचं बघता का?”

“मी ओटी भरते आणि बघते ना.”

“वहिनी, माझ्या पोटात लेकरू हाय वो.”

संतोष दारातच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघू लागला. फोन आलेला नव्हता. मी आत जाऊन पुऱ्या तळल्या. नवरा जिवंत, दारात उभा, आणि मी विधवा झाले होते!

तरी मला वाटत होतं की काही महिने जातील, ह्याला काही होणार नाही आणि लोक आपोआप विसरतील. मी वाट बघायला तयार होते.

मग एका दुपारी संतोष दुकानातून लवकर आला. स्वतः चहा केला, दोन कप घेऊन माझ्यासमोर बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला. अवघड मशीनमधला बिघाड सापडला की दिसायचा, अगदी तसा.

“मला कळलं, वैशाली.”

“काय?”

“आपण एकच रस्ता धरून बसलो होतो. ‘सौ.’ जायचं म्हंजी मी मरायचं. पण ‘सौ.’ जायला दुसरा रस्ता बी हाय ना.”

मला खरंच कळलं नाही. मी चहा पीत राहिले. तो समजावून सांगत होता, शांतपणे, गिऱ्हाईकाला सांगतात तसं. “मशीन एवढंच सांगून राह्यलं की तुझं ‘सौ.’ राहणार न्हाई. कसं जाणार ते सांगत न्हाई. मंग आपणच काढून टाकलं तर? मला काही व्हायचं कारणच उरत न्हाई. बराबर?”

कप माझ्या हातात होता. “तुम्ही मला सोडणार?”

“सोडणार न्हाई गं... सुटायचं. आधी वाटलं कागदावर करू, राहू इथंच. पण विचार केला, असं नाटक करून जमल का? खरंच व्हाया पाहिजे.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खोटं नव्हतं ते, म्हणूनच मला आजही विसरता येत नाही. म्हणाला, “मी मेलेलं चालल का तुला?”

ह्या प्रश्नाला काय उत्तर असतं? तुम्ही सांगा. नाही म्हटलं तर घर सोडायचं. गप्प बसलं तरी नवऱ्याच्या मरणावर टपलेली बाई. मी म्हटलं, “असं काही होणार नाही हो... तुम्ही स्वतः मशीनं दुरुस्त करता, तुम्ही असं...” तो म्हणाला, “तू दाखव कारण. आत्ता सांग, अक्षर कसं जातं. सांग, मी इथंच थांबतो.”

माझी सगळी लॅब, माझे सगळे रिपोर्ट... मला एक कारण देता आलं नाही.

नंतर घरात जो तो हाच प्रश्न विचारायला लागला. सुनीताचा फोन — “वहिनी, दादाचा जीव मोठा का तुमचा हट्ट?” आत्याबाईंनी तर माझे पाय धरले. मला मागे सरकताही येईना, भिंत होती. म्हणाल्या, “वैशे, मला एकच हाय. तुला कुणी बी भेटंल. तू शिकलेली हायेस, कमवती हायेस. माझं लेकरू मला दे.” जणू मी त्याला कुठे डांबून ठेवलं होतं.

माझे आईवडील नाहीत. मी मामाला बोलावलं. मामा म्हणजे माझा भरवसा. पिंपळगावहून जीपनं आला, उन्हातून चालत घरी आला, पाणीसुद्धा प्यायला नाही. मला वाटलं, हा आता आवाज चढवील. माझ्या भाचीला काय खेळणं समजता का, असं काहीतरी. त्यानं ते ताट मागितलं. स्वतः पैसे देऊन, उभं राहून नाव टाकून घेतलेलं ताट. काठावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. चष्मा काढून बघितलं.

“मामा, बोल ना काही.”

मामानं ताट हळूच पालथं ठेवलं. “सोड पोरी,” म्हणाला. “कुणाचा जीव घेऊन संसार होत नसतो.”

“मी कुणाचा जीव घेतला?”

“तू न्हाई घेतला. पण उद्या काही झालं तर लोक तुलाच म्हणतील. मी काय तोंड दाखवू?”

मी सही केली. कोर्टात कारण लिहिलं — स्वभाव जुळत नाहीत. जज मॅडमनी विचारलंसुद्धा, “नक्की ना? भांडणं व्हायची का?” मी म्हटलं, हो. काय सांगणार? एकही भांडण झालं नव्हतं. निकालाच्या दिवशी संतोष कोर्टाच्या पायऱ्या उतरला, पार्किंगमध्ये गेला आणि मित्राच्या मोटरसायकलला किक मारली. कितीतरी दिवसांनी. आणि निघताना तो गुणगुणत होता.

वर्ष पुरं व्हायच्या आत त्याचं दुसरं लग्न झालं. मुलगी जाफराबादकडची. मी जालन्यातच खोली घेऊन राहिले, लॅब सोडली नाही. गाव तेवढंच आहे, लोक सांगायचे. चांगली आहे म्हणे, गोरी आहे म्हणे.

इथपर्यंत असतं तर मी लिहिलंही नसतं. माझ्यासारख्या सोडलेल्या बायका काय कमी आहेत? पण पुढचं ऐका.

एक दिवस रिसेप्शनवरच्या मुलीनं नाव पुकारलं आणि मी सुई हातात धरून थांबले. तेच आडनाव, मधलं नाव संतोष. आत एक पोरगी आली, पोट जेमतेम दिसायला लागलेलं. रूपाली. खुर्चीत बसली, बाही वर केली. मी पट्टा बांधला.

“डॉक्टरांनी दुसरी लॅब सांगितली होती,” ती हळूच म्हणाली. “मुद्दाम इथं आले, ताई.”

मी शीर शोधत राहिले.

“आत्याबाईंनी मला सगळं सांगितलं. ते माझं एक भांडं मशीनीजवळ नेऊ देत न्हाईत. माझं ताट-वाटी ते स्वतः हातानं घासतात. जेवण झालं की उठतात अन् घासतात, कुणाला हात लावू देत न्हाईत.”

संतोषनं माझ्या घरात कधी पाण्याचा पेलासुद्धा विसळला नव्हता. मी सुई टोचली. तिनं ‘स्स’ केलं नाही.

“ताई, मला राहवलं न्हाई. ते पार्ट आणायला संभाजीनगरला गेल्ते, आत्याबाई देवाला गेलत्या. ह्यांच्या मोबाईलमधला जुना व्हिडिओ मी पाह्यला होता, कसं चालवायचं तो. मंग मी...”

तिनं मोकळ्या हातानं पर्समधून रुमालात गुंडाळलेली वाटी काढली. माहेरची, लहानशी. मी तिच्या दंडावर कापूस दाबला, तिला धरायला सांगितला आणि वाटी उजेडाकडे फिरवली.

‘रूपाली संतोष’.

त्याच्या आधी बोटभर कोरी जागा.

“कुणाला दाखवलीस?”

“कुणालाच न्हाई. गरम पाण्यानं जातं ना ताई, असं? तुम्हाला कळत असंल. कारण असंल ना काही?”

मी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे. एक शब्द बोलायची खोटी होती. एक शब्द, आणि तिचा संसारही त्याच पायऱ्यांवरून उतरला असता. किंवा संतोष झोप उडालेला, प्लगला भिणारा, परत तसाच. माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही.

“जातं,” मी म्हटलं. “जुनं इनॅमल असलं की सोड्याच्या पाण्यानं होतं कधी कधी. त्यात काही नसतं.”

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटा रिपोर्ट दिला.

“त्यांना सांगू का मंग?”

“अजिबात नाही. वाटी मला दे. हरवली म्हण. आणि पुन्हा त्या शेडमध्ये जाऊ नकोस.”

ती रडली, माझा हात धरला, आणि गेली.

तिला मुलगा झाला. संतोष ठणठणीत आहे. ती दोघं सोबत आहेत, नीट आहेत. म्हणजे बघा — तिचंही ‘सौ.’ गेलं, माझं गेलं तसंच, आणि तिच्या बाबतीत काहीही झालं नाही. फरक एवढाच की तिच्या नवऱ्याला ते माहीत नाही.

मध्यंतरी भाजी मंडईत संतोष समोरून आला. कडेवर पोरगं. मला बघून थांबला. मला वाटलं होतं नजर चुकवील, पण त्याला तसं काही वाटतच नव्हतं. उलट, दोघांनी मिळून अवघड काम पार पाडलं असावं, असा हसला.

“बघ,” म्हणाला, “वाचलो ना मी? बराबर केलं का न्हाई आपण?”

पोरगं माझ्या ओढणीकडे हात करत होतं.

“हो,” मी म्हटलं. “वाचलात.”

तो हे वाचेल याची भीती नाही, तो फक्त व्हिडिओ बघतो. मशीन अजून शेडमध्ये आहे असं ऐकते. भंगारात घालायचं धाडस त्याला होत नाही.

मी धातूचं काम करणाऱ्यांना विचारलं, नाव टाकणाऱ्यांना विचारलं, तिकडच्या त्या म्हाताऱ्यालाही लिहून बघितलं. तो म्हणाला, या मशीनमध्ये स्टीलवर ओरखडासुद्धा उठत नाही. पाण्याला अक्षर ओळखता येत नाही, एम-सीलखालून जाता येत नाही, आणि सासूचं ‘सौ.’ सोडून सुनेचं धुता येत नाही. हे सगळं मला मान्य आहे. तरी ते झालं. मशीननं पुढचं आधी सांगितलं, की त्याच्यामुळेच पुढचं घडलं, की त्याचा कशाशीच काही संबंध नव्हता — मला आजही माहीत नाही.

कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. फक्त ‘ताई, तुमचं नशीब’ असं लिहू नका, ते सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मला कारण हवंय. कुठलंही चालेल... फक्त त्या कारणात माझा संसार उगाच गेला नसावा.